ओळखलं की नापास

जग फोटो काढतं ते समोरचं ओळखू यावं म्हणून. आपला फोटो कुणी ओळखला की ज्याला घाम फुटतो असा माणूस सगळ्या वऱ्हाडात एकच, आणि तो नेमका माझा थोरला साडू. म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊ म्हणतो. ते अमरावतीला, मी अकोल्याला. पण त्यांनी घोर लावायचं ठरवलं की हे अंतर काही कामाला येत नाही. जन्मभर त्यांनी घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. शेवटची काही वर्षं तर मीटरचा मोबाइलवर फोटो काढायचा, आकडा स्वच्छ दिसला नाही तर साहेबाच्या शिव्या खायच्या, अशी नोकरी. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार तसाच ठेवून ते मला म्हणाले, "आता एकबी फोटो असा काढणार नाई का ज्यातलं कोणाले काई समजते." मला वाटलं, दोन दिवसांत उतरेल हे खूळ. कसलं उतरतंय!

असल्या फोटोला अमूर्त कला म्हणतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी सहज म्हणालो, "भाऊ, मग हात हलवून काढा ना, झालं अमूर्त." असे भडकले! "हललेला फोटो हललेलाच रायते. वस्तू काढून टाकली का मांगं जे उरते, ते अमूर्त. समजलं?" मला काडीचं समजलं नाही, पण मान हलवली. अमूर्त ठरवायची त्यांची परीक्षाही घरचीच. समोर येईल त्याच्या नाकाशी मोबाइल धरायचा आणि दरडावायचं, "ओळखा!" त्यानं ओळखलं की फोटो नापास. मग तिथल्या तिथे तो मोबाइलमधून पुसायचा, छापून आणला असेल तर टराटरा फाडायचा. दयामाया नाही.

आता आमच्या वऱ्हाडात माणसं कला ओळखोत न ओळखोत, वस्तू बरोबर ओळखतात. चिखलाच्या ओघळांचा एक फोटो भाऊंना फार आवडला होता. बसच्या कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता सांगितलं, "हे तं धारणीच्या गाडीची मागची काच हाये." गेला फोटो. चांदूर बाजारच्या एका बागवाल्याला त्यांनी काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचा फोटो दाखवला. त्यानं संत्र्याची साल तर ओळखलीच, वर म्हणाला, "कोळशी पडली हाये याच्यावर. फवारणी काहून नाई केली?" भाऊ त्या रात्री जेवले नाहीत, असं ताईंनी हसत हसत फोनवर सांगितलं होतं. ताई म्हणजे त्यांच्या बायको. त्यांना जाऊन आता तीन वर्षं होतील.

गेल्या दिवाळीआधी भाऊंच्या पुण्यातल्या मुलानं अमरावतीचं घर रंगवून घेतलं. त्यानंतर मी गेलो तेव्हा भाऊंनी नेहमीसारखा मोबाइल पुढे केला. फिकट निळ्यावर एक तपकिरी गोल, मध्ये गडद, कडेला विरत गेलेला. मी बघितलं मात्र, लगेच ओळखलं. स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला डोकं टेकवून ताई भाजी निवडायला बसायच्या. वर्षानुवर्षांच्या खोबरेल तेलाचा तो डाग होता. भिंत आता कोरी करकरीत झाली होती, आणि तो डाग जगात फक्त या फोटोत उरला होता. ओळखला असं म्हणालो असतो तर माझ्यासमोर पुसला असता या माणसानं! मी म्हणालो, "ढग आहे का हो?" "नाई," म्हणाले, आणि मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

तोच फोटो मोठा करून, काच लावून त्यांनी अमरावतीच्या हौशी मंडळींच्या प्रदर्शनात टांगला. शनिवार-रविवार दोन दिवस. शनिवारी सकाळपासून मी त्या फोटोपुढे पहाऱ्याला. अहो, काय तो जीवाला घोर! एक प्रोफेसर म्हणाले, "शून्य." बरं वाटलं. एक तरुण म्हणाला, "ग्रहण." आणखी बरं वाटलं. पण वयस्क बाई दिसली की मी सरसावून उभा राहायचो. एक मावशी अगदी काचेला नाक लावून म्हणाल्या, "काय बाई, कुठंतरी पायल्यासारखं वाटते..." मी त्यांचा हात धरूनच त्यांना सरबताच्या टेबलाकडे नेलं. दुपारी जेवायलासुद्धा हललो नाही.

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. भाऊ खुर्चीत मान खाली घालून बसले होते. "एकानंबी नाई ओळखलं," म्हणाले. मी सुटकेचा श्वास सोडला. "मग अभिनंदन! पास झाला की."

"पास कायचा, बावा!" त्यांचा आवाज एकदम फुटला. "सारी हयात तिथं बसली ते बाई. तुमी सारे येऊन तिच्या हातचं जेवून गेले. एकालेबी दिसू नये?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "भाऊ, मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. ताईंची जागा आहे ती."

"मंग बोलला काहून नाई लेका?"

"तुम्ही पुसून टाकला असता."

ते उठले, "नापास," म्हणाले आणि फोटो खिळ्यावरून काढला. आता फाडतात, म्हणून मी पुढे धावलो. त्यांनी तो नीट वर्तमानपत्रात गुंडाळला आणि रिक्षात मांडीवर धरून घरी नेला. रविवारी त्या रिकाम्या खिळ्यापुढे प्रोफेसर पुन्हा बराच वेळ उभे होते म्हणे.

आता तो फोटो स्वयंपाकघराच्या दाराशी आहे, जमिनीपासून जेमतेम दोन हातांवर. येणारा-जाणारा विचारतो, एवढा खाली कशाला टांगला? भाऊ म्हणतात, "अमूर्त हाये, तुमाले नाई समजणार." परवा गेलो होतो. चहा होईपर्यंत खाली बसून बघत होतो, तर फ्रेमच्या शेजारी, नव्या रंगावर, एका डोक्याएवढा तेलकट डाग धरायला लागला आहे. भाऊंनी चहाचा कप हातात देताना विचारलं, "काय पायतं रे?" मी म्हणालो, "काही नाही. नाही ओळखू आलं."