पांढरा बॉल मधोमध

पांढरा बॉल टेबलाच्या कडेच्या कुशनला चिकटून थांबला आणि मनीषा नुसती बघत उभी राहिली.

सांगलीच्या एका हॉलमध्ये पूल या टेबलावरच्या खेळासाठी राज्याच्या महिला संघाची निवड चालू होती. मी कडेला खुर्चीवर. मला वाटलं, आता वाकेल, आता मारेल. ती वाकली, क्यूची काठी लावली, टोक बॉलवरून घसरलं आणि पांढरा कसाबसा चार बोटं सरकला. फाउल. समोर एक चष्मेवाली मुलगी होती. फाउल झाला की समोरच्याला पांढरा उचलून हवा तिथं ठेवता येतो. तिनं ठेवला आणि फ्रेम, म्हणजे तो डाव, संपवली.

पुढच्या फ्रेमला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. चष्मेवाली पांढरा कुशनला नेऊन चिकटवायची आणि आमची मनीषा रस्ता चुकल्यासारखी टेबलाभोवती फिरायची. एक-पाच! दोन वर्षं जिला घडवली ती पोरगी तासाभरात एक-पाचनं हरली.

बाहेर आल्यावर मी आधी तिच्यावरच उखडलो. स्वभाव तसाच आहे माझा.

"काय गं, झोपली हुतीस का? साधे साधे बॉल सोडलेस!"

"मामा, मला कळंचना, कुशनपास्नं मारायचं कसं."

"दोन वर्षं काय केलं मग आपण?"

तिची ही शेवटचीच संधी होती. मनीषा इस्लामपूरची, साताऱ्याला एमआयडीसीत क्वालिटी चेकिंगला. राज्याच्या संघाकडून खेळल्याचं प्रमाणपत्र मिळालं की खेळाडू कोट्यातून सरकारी भरतीला अर्ज करता येणार होता, आणि त्या भरतीची वयाची मर्यादा ती याच वर्षी ओलांडत होती. संघात चार नावं घेणार होते. दोनदा हरलं की घरी, अशी पद्धत. एक हार पदरात पडली होती.

आता दोन वर्षं काय केलं ते सांगतो. पूलमध्ये पांढऱ्या बॉलनं आपल्या वाटचे बॉल पॉकेटमध्ये, म्हणजे टेबलाच्या भोकांत, घालायचे आणि सगळ्यांत शेवटी काळा. ते महिनाभरात कुणालाही जमतं. खरं काम पुढचं. बॉल पॉकेटमध्ये गेल्यावर पांढरा अशा जागी थांबला पाहिजे की तिथून पुढचा बॉल सोपा. याला पोझिशन म्हणतात. त्यासाठी मी ड्रिल घेतो. टेबलावर कागद ठेवायचा आणि बॉल घातल्यावर पांढरा त्या कागदावर थांबवायचा. आधी अख्खं वर्तमानपत्र. मग त्याची घडी. मग पोस्टकार्ड. शेवटी एसटीचं तिकीट. मनीषा दहातले आठ तिकिटावर थांबवायची. विक्रम, म्हणजे साताऱ्यातल्या आमच्या क्लबचा मालक, त्याचे रील्स काढून टाकायचा. ड्रिल झालं की मी तिच्याबरोबर पाच फ्रेम खेळायचो, आणि विक्रम त्याही मोबाईलवर घ्यायचा. रोज.

विक्रमही त्या दिवशी आमच्याबरोबर आला होता. हॉलशेजारच्या कँटीनमध्ये चहा घेता घेता तो मोबाईलवर आमच्याच जुन्या फ्रेम बघत बसला. मध्येच म्हणाला, "आवं मामा, हिकडं बघा की."

"काय?"

"तुमी हितं चुकलाय. पांढरा कुठं थांबला?"

"मधी."

"आन ह्यात?"

"मधीच."

त्यानं एकामागून एक दाखवलं. मी चुकत होतो, बॉल पॉकेटच्या तोंडाला लागून राहत होता आणि पांढरा दर वेळी टेबलाच्या मधोमध. तिथून मनीषाला समोरचं काहीही घेता यावं. मी एकोणीस वेळा चुकलेला दिसलो. एकोणीसच्या एकोणीस वेळा पांढरा मधोमध!

मनीषा खाली मान घालून म्हणाली, "तुमी मला कवाच कडंला सोडलं न्हाई, मामा."

विक्रम हसत म्हणाला, "मामा, तुमी पोरीला साब केलंय."

तो थट्टेनं बोलला. माझा कप हातातच राहिला.

मी चोवीस वर्षं फौजेत होतो. त्यातली बहुतेक ऑफिसर्स मेसच्या बिलियर्ड रूममध्ये मार्कर म्हणून गेली. मार्कर म्हणजे टेबलाच्या कापडाला ब्रश मारायचा, इस्त्री करायची, स्कोर लिहायचा, आणि साहेब एकटाच आला तर त्याच्याबरोबर खेळायचं. खेळायचं म्हणजे हरायचं. पण कसंही हरून चालत नाही. उघड उघड हरलं की साहेबाला कळतं आणि त्याचा राग येतो त्याला. म्हणून केसभर चुकायचं, आणि चुकताना पांढरा साहेबासाठी मधोमध ठेवायचा. साहेब बॉल घालतो, खूश होतो, "हार्ड लक, मार्कर" म्हणतो. आपण "वेल प्लेड, सर" म्हणायचं. आणि कधी नेम चुकून साहेब अडकलाच, तर लगेच "सॉरी, सर." हे मला कुणी शिकवलं नाही. अंगातच मुरलं.

मला वाटत होतं, पेन्शन झाली तशी ती सवय मेसमध्येच राहिली. आईशपथ सांगतो, मनीषाबरोबर मी एकही फ्रेम मुद्दाम हरलो नव्हतो. मी जीव तोडून खेळत होतो. हात मात्र अजून ड्युटीवर होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

चहा तसाच ठेवून मी उठलो. हॉलच्या मागच्या बाजूला सरावाचं टेबल होतं.

"चल. आता तुला अडकवतोच."

मारला. पांढरा कुशनला लागला आणि परत मध्ये आला. दुसरा मारला. मध्ये. तिसऱ्याला दात खाऊन मारला. पुन्हा मध्ये, मोबाईलवर बघितलं त्याच जागी! स्वतःच्या हाताची भीती वाटते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

शेवटी मनीषाच म्हणाली, "मामा, तुमी मागं सरा. मी हातानं ठिवते."

तिनं पांढरा हातानं उचलून कुशनला चिकटवला. तिथून मारताना बॉलचा फक्त वरचा भाग मिळतो. क्यूची मागची बाजू उचलायची, हात थोडाच मागं न्यायचा आणि घाई करायची नाही. एवढीच गोष्ट. एवढीशी गोष्ट दोन वर्षांत तिच्या वाट्याला आली नव्हती. दोन तास तिनं टेबलाच्या चारही बाजूंनी तेच मारलं.

मग म्हणाली, "आता खेळा माझ्यासंगं. मी साब न्हाई, ध्यानात ठिवा."

तिसऱ्या फ्रेमला माझा पांढरा एकदाचा काळ्यामागं जाऊन कुशनला चिकटला. जमलं! आणि त्याच क्षणी माझ्या तोंडून निघालं, "सॉरी, सर."

शेजारच्या टेबलावरची पोरं खो खो हसली. मनीषा हसली नाही. वाकली आणि बॉल सोडवला.

दुसऱ्या दिवशी ती पेटली होती. पहिली मॅच पाच-दोन. दुसरी पाच-तीन. कुशनला चिकटलेले बॉल अशी मारत होती की विक्रम बसल्या जागी उड्या मारत होता. शेवटची मॅच उरली. जिंकली की चौथं नाव तिचं.

चार-चार झाले. शेवटची फ्रेम. मनीषाचा एक बॉल आणि काळा बाकी. समोरचीचे दोन आणि काळा. पाळी मनीषाची. बॉल जरा तिरका होता, पण रोजचा. तिनं श्वास घेतला आणि मारला. बॉल पॉकेटच्या तोंडाशी गेला, इकडं लागला, तिकडं लागला आणि बाहेरच राहिला.

आणि पांढरा हळूहळू आला आणि टेबलाच्या मधोमध थांबला.

मी उभाच राहिलो. तिथं एसटीचं तिकीट असतं तर बरोबर त्याच्यावर. दोन वर्षं मी कागद मधोमधच ठेवत आलो होतो. मधोमध थांबलेला पांढरा ज्याची पाळी असेल त्याच्या कामाचा. बॉल गेला तर आपल्या, चुकला तर समोरच्याच्या. बॉल अवघड असेल तर चूक धरूनच मारायचं असतं, पांढरा लांब कडेला जाईल अशा बेतानं. हे मी तिला कधी सांगितलं नाही. मला सुचलंच नाही. मेसमध्ये मला चुकायचंच होतं आणि पांढरा मध्येच ठेवायचा होता!

समोरचीनं दोन्ही बॉल घातले. मग काळा. मनीषानं तिच्याशी हात मिळवला आणि क्यूचे दोन भाग सुटे करून पिशवीत भरले. यादीत तिचं नाव पाचवं लागलं, राखीव म्हणून. राखीवला प्रमाणपत्र नसतं.

परतताना गाडी कराडला आली. मग माझ्यानं राहवलं नाही.

"तुझी नोकरी मी घालवली, पोरी."

"व्हय," ती म्हणाली. मग म्हणाली, "सोमवारी कितीला येऊ?"

मला रडू आलं. मी खिडकीकडं तोंड केलं.

सोमवारी शिफ्ट सुटल्यावर ती आली. पर्समधून एसटीचं तिकीट काढलं आणि काळ्यामागं कुशनला लागून ठेवलं. म्हणाली, "आता हितं." तेव्हापासून आमच्याकडं कागद मी ठेवत नाही. ज्याचं ड्रिल त्यानं ठेवायचा, रोज नव्या जागी. आणि नवीन कुणी शिकायला आलं की पहिल्या आठवड्यात विक्रम मोबाईलवर माझ्या खेळाचा व्हिडिओ काढतो, शिकणाऱ्याच्या नाही. पोरांना आपण तोंडानं ड्रिल सांगतो, ती शिकतात हाताकडं बघून. शिकवणाऱ्यानं आधी आपला हात तपासून घ्यावा. मला हे कळायला साठी गाठावी लागली आणि त्याचा दंड दुसऱ्याच कुणी भरला.

मनीषा अजून एमआयडीसीतच आहे. खेळायला येते. गेल्या आठवड्यात मी तिला पाच-दोननं हरवलं. शेवटच्या फ्रेमला तिचा पांढरा असा चिकटवला की तिला हलायला जागा नव्हती.

"सॉरी" ओठावर आलं होतं. गिळलं.