शालनवहिनींचं ढेकूळ

शताब्दीच्या स्मरणिकेसाठी बोरमाळच्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास लिहून द्या, असा संपादकांचा निरोप आला. पाळकांच्या नावांची यादी आणि कोनशिलेचा फोटो त्यांनी खुशाल छापावा. माझ्या मते या देवळाचा इतिहास म्हणजे शालनवहिनी, तेव्हा मी त्यांच्याबद्दलच लिहिणार. आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात. कोणाला खटकत असेल तर खटकू दे.

देऊळ म्हणजे काळ्या दगडाच्या चार भिंती, वर कौलं, आत चटया. चपला बाहेर काढायच्या. गाव खराडीच्या पलीकडचं, तेव्हा पुण्यात मोडत नव्हतं. गावातले पहिले ख्रिस्ती कोंडीराम यांनी शेताच्या कडेची ही जागा दिली, पण तोंडी. देवाला कागद कशाला, असं म्हणे त्यांचं मत. त्यामुळे सातबाऱ्यावर जागा घराण्याकडेच राहिली आणि वाटण्या होत होत त्यांच्या नातसुनेच्या, म्हणजे शालनवहिनींच्या नावावर आली. माझे वडील एके काळी तिथले पाळक. नंतरच्या पाळकांकडे अनेक गावं, ते महिन्यातून एकदा यायचे. एरवी घंटा, झाडलोट, कौलं शाकारून घेणं सगळं वहिनींकडे. उपासना चालवायला कोणी नसलं तर तीही त्याच चालवत. मानधन नाही, आणि आभार मानण्याचीही आमच्याकडे पद्धत नाही.

वर्षाचा मोठा दिवस म्हणजे कापणीचा सण. आपल्या रानातलं पहिलं पीक आणून देवळातल्या मेजावर ठेवायचं. उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव, पैसा देवळाला. नियम एकच. मेजावर ठेवलं ते देवाचं, परत मागायचं नाही. एका वर्षी कौशल्याकाकूंनी चुकून मेथीच्या जुडीबरोबर विळाही ठेवला. काकूंनी पुष्कळ गयावया केली, पण शेवटी स्वतःचाच विळा त्यांना बोली लावून सोडवावा लागला. मी शहरात कॉलेजात शिकवायला लागले तरी हा सण कधी चुकवला नाही.

मग आयटी आलं आणि रानं विकली गेली. ज्वारीच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. वहिनींचा मुलगा दिग्विजय याने आपल्या वाट्याची जमीन विकून पांढरी गाडी घेतली आणि बिल्डरचा गावातला माणूस झाला. २००६ साली बिल्डरला नव्या टॉवरांसाठी रस्ता हवा होता, आणि तो नकाशावर बरोबर देवळातून जात होता. बदल्यात टॉवरच्या तळमजल्यावर उपासनेसाठी एसी हॉल मिळणार होता. मंडळीच्या कमिटीला हे पटलं. पाळकसाहेबांनाही पटलं. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्च्या मिळतील, म्हणाले. आता फक्त वहिनींची सही व्हायची राहिली होती.

"आई, सही कर. देव काय भिंतीत बसलाय?" दिग्विजय म्हणाला.

"भिंतीत न्हाय. पर तुझ्या गाडीतबी न्हाय. सण हूं दे, मग सांगते."

सणाला बिल्डरचे मॅनेजर अनिरुद्ध पाहुणे म्हणून आले. मेज भरलं होतं सफरचंदांनी आणि किवींनी. रान कोणाकडेच उरलं नव्हतं, मग आणणार कुठून? प्रत्येक फळावर दुकानाचं स्टिकर.

"स्टिकर तरी काढायचं व्हतं," वहिनी म्हणाल्या. "देवाला काय सांगायचं, कंच्या रानातलं म्हणून?"

वहिनी बाहेर गेल्या आणि सूप घेऊन आल्या. सुपात एक काळं ढेकूळ. ते त्यांनी मेजावर, सफरचंदांच्या मधोमध ठेवलं.

"यंदाचं माझं पीक एवढंच. देवळाची अन् अंगणाची ही माती, माझ्या नावची. मेजावर ठेवली."

दिग्विजय उभाच राहिला. "आई, उचल ते."

"कौशल्याला इळा उचलू दिला व्हता का?"

तो खाली बसला. गावात वाढलेला मुलगा, नियम त्याला पाठ होता. पाळकसाहेबांनी लांबलचक प्रार्थना केली. दुसरं काय करणार?

लिलाव नेहमीप्रमाणे पोपटमामांनी पुकारला. सफरचंदं गेली, मग त्यांनी ढेकूळ उचललं. "माती. पहिली बोली?"

अनिरुद्धांना वाटलं, जमीनच बोलीवर निघाली. त्यांनी असा आकडा पुकारला की मामांच्या हातून ढेकूळ निसटता निसटता राहिलं.

"सायेब, ढेकूळच भेटंल हां," वहिनींनी त्यांना स्वच्छ सांगितलं. "जमीन देवाला गेली. ती बोलीवर न्हाय."

अनिरुद्धांनी दिग्विजयकडे पाहिलं. दिग्विजयने चपलांकडे पाहिलं. चारचौघांत बोललेला आकडा अनिरुद्धांनी मागे घेतला नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद करते. ढेकूळ त्यांनी रुमालात बांधून नेलं. देवळावरची आजची कौलं त्यांच्याच पैशाची.

बक्षीसपत्राचा हट्ट मात्र माझा. कोंडीरामांची चूक दुसऱ्यांदा परवडली नसती. आठवडाभरात, कधीच विकायची नाही या अटीवर, जागा मंडळीच्या नावावर झाली. रस्ता देवळाला वळसा घालून गेला, आणि सकाळी त्या वळणावर कंपन्यांच्या बस हॉर्न वाजवत बसतात. बसू देत.

वहिनींना काही लोक भोळ्या म्हणतात. या सौद्यात त्या दोन फ्लॅटच्या मालकीण झाल्या असत्या. त्यांना ते पक्कं माहीत होतं, आणि तरी त्या देवळामागच्या एका खोलीत राहतात. याला भोळेपणा म्हणायचं असेल तर तो माझ्यात नाही. माझ्या ओळखीतल्या एकाही शहाण्या माणसात नाही.

किंमत मोजावी लागली ती वेगळीच. मुलाने बोलणं टाकलं. पाच वर्षं तो सुनेला आणि नातवंडांना दारात सोडायचा आणि गाडीतच बसून राहायचा. वहिनींनी त्याला कधी हाक मारली नाही. त्याच्यासाठी मागची चटई मात्र दर रविवारी अंथरायच्या.

आता मेजावर नागपूर-अमरावतीहून कामाला आलेल्या पोरापोरींच्या कुंड्यांतल्या मिरच्या असतात, कढीपत्ता असतो. स्टिकर नसतं. मागच्या सणाला गाणं चालू असताना दिग्विजय आत आला आणि गुपचूप मागच्या चटईवर बसला. वहिनी पुढे होत्या. त्यांनी मान वळवून एकदा पाहिलं.

"चपला भायेर काढल्या न्हवं?" त्यांनी विचारलं आणि गाण्याचं पुढचं कडवं धरलं.