श्रीलंकेच्या धारिणीला तांबरममध्ये खोली हवी आहे

मंडळी, आज अगदी रडकुंडीला आलेय. शैक्षणिक देवाणघेवाणीत श्रीलंकेहून आलेली धारिणी माझी विद्यार्थिनी. दुरुस्तीसाठी हॉस्टेल उद्या रिकामं करायचंय, म्हणून दिवसभर तिच्यासाठी इथे चेन्नईच्या तांबरममध्ये खोली शोधत फिरले.

शेवटच्या घरी मालकीणबाईंना तिचं तमिळ फार आवडलं. त्यांनी कॉफी दिली, दारात कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, कुठे काढायचा तेही दाखवलं. मग पासपोर्ट पाहिला.

"परदेशी? पोलिसांना कळवायची कटकट नको, मॅडम."

दोन्ही सरकारं व्यापाराचे करार करतात, आणि या पोरीला साधी खोली मिळेना!

परतताना ती म्हणाली, "मॅम, उद्या मदुराईची आहे म्हणून सांगते. तिथल्यासारखं तमिळ बोलायला शिकलेय मी इथे."

मला तिला हो म्हणायची वेळ येण्याआधी, कुणाकडे खोली असेल तर सांगा हो.