आईचा डावा कान

माझ्या लहानपणी आमचं घर म्हणजे पुण्याच्या कडेला धायरीतली पत्र्याची एक खोली. वडील मार्केट यार्डात हमाल, आई तिथंच फुलबाजारात हार ओवायला. वडिलांची पाठ धरली आणि ते घरी बसले, तेव्हा आई हार ओवून झाल्यावर झेंडूच्या पाट्याही उचलायला लागली. एकदा पाटी डोक्यावरून उतरवताना तिची कड कानातल्या कुडीत अडकली आणि डाव्या कानाची पाळी फाटली. टाके पडले. जखम भरली, पण भरायची थांबेचना. पाळीवर आधी हरभऱ्याएवढी गाठ आली, मग जांभळाएवढी. कुड्या घालता येईनात, त्या सोनाराकडे गेल्या आणि घरात पीठ आलं. पदर मात्र तेव्हा जो कानावर आला तो तिथंच राहिला.

उपाय पुष्कळ झाले. गल्लीतल्या डॉक्टरांनी गाठ कापून टाकली, तर आधीपेक्षा मोठी उगवली. मग कुणीतरी सांगितलं, चामखिळीला बांधतात तसा घोड्याचा केस आवळून बांधा, आपोआप गळून पडते. आता घोडा आणायचा कुठून? वडील पाठीवर हात ठेवून एका वरातीच्या घोडीपाशी जाऊन उभे राहिले.

घोडीवाला म्हणाला, "नवरदेव तुम्हीच का?"

"न्हाई, एक केस पायजे. तेवढ्यापुरता आलोय."

केस मिळाला. गाठीचं टोक खरंच गळलं. त्याच्या जागी जे आलं ते कानाखाली लोंबायला लागलं.

माझे कान मात्र आईनं कधी टोचू दिले नाहीत. पाहुणे विचारायचे, "पोरगी हाय का पोरगा?" आई म्हणायची, "तिचं कान हायत तसंच ऱ्हाऊ द्या." शाळेत मला त्याची लाज वाटायची. असल्या गाठी रक्तातून पुढच्या पिढीत येऊ शकतात, हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं. तिला नुसती भीती होती, आणि ती भीती शहाणी होती.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. बी.एस्सी. झाले, एम.एस्सी.ला गेले, आणि तिथं प्रकल्पाला विषय मिळाला तो नेमका जखमा भरण्याचा. जखम झाली की रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, आणि आसपासच्या पेशी ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनं सोडतात. ती म्हणजे निरोपच. त्यातलं टीजीएफ-बीटा त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशींना सांगतं, कामाला लागा, कोलॅजेनचे धागे विणा, भोक बुजवा. हा निरोप नसता तर साधं खरचटलेलंही धड भरलं नसतं. पण जखम बुजली की तो थांबायला हवा. काहींच्या कातडीत तो थांबत नाही. धागे साठून जागा कडक होते, कडक जागेवर ताण आला की तिथंच दडलेलं टीजीएफ-बीटा आणखी मोकळं होतं, आणि व्रण जखमेची हद्द सोडून वाढत जातो. त्याला केलॉइड म्हणतात. याच्याच जवळचा प्रकार फुफ्फुसात किंवा यकृतात झाला तर जिवावर बेतू शकतं. आमच्यात तो कानावर आला, हे नशीबच म्हणायचं.

घरी जाऊन आईला हे सांगितलं, आणि गाठ परत कापून घे म्हणून मागे लागले. ती हार ओवत होती.

"समज, लग्नाच्या हारांची ऑर्डर आली. लग्न लागलं, मांडव निघाला, पण तुला थांब म्हणून कुणी सांगितलंच नाही. तू आपली ओवतेच आहेस."

"येडी हाय का मी?"

"तू नाहीस. तुझा कान आहे."

ती हसली. मग सुई थांबवून म्हणाली, "मंग आता परत कापलं की परत जखम. परत त्योच निरोप. आन् तू म्हंतीस कापून घे?"

दुसऱ्या दिवशी प्रकल्पाच्या मॅडमना तिचा प्रश्न विचारला आणि सगळं सांगितलं, केसासकट. मॅडम अस्सल पेठेतल्या. "घोडीचा केस? वा. घोडीला विचारलं होतंत ना?" मग म्हणाल्या, "कापायला हरकत नाही, पण कापून नुसतं सोडून द्यायचं नाही. तिथंच चुकलंय तुमचं."

आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. वडील रस्ताभर कुरकुरत होते, "दोनदा वाढलीया. आता खांद्याला टेकंल." सर्जननी सांगितलं, गाठ काढायची, मग अधूनमधून तिथं स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यायची म्हणजे त्या पेशी दबून राहतात, आणि पाळीवर दाबाची क्लिप महिनोन् महिने लावायची. दाबानं नेमकं काय होतं हे अजून पुरतं कळलेलं नाही, पण गुण येतो. "मात्र परत येणारच नाही, असं मी लिहून देणार नाही."

आई म्हणाली, "लिहून कोण मागतंय? नीट कापा म्हंजी झालं."

गाठ निघाली. क्लिप चांगली बटणाएवढी होती. फुलबाजारातल्या बायकांनी लगेच विचारलं, "एकाच कानात गं? दुसरं हरवलं व्हय?"

"दुसरं जावयाला ठिवलंय," आई म्हणाली. माझ्या लग्नाचा विषय त्या दिवसापुरता तरी मिटला.

मी रोज सकाळी तिची पाळी बोटांत धरून बघायची. मध्येच एकदा टाक्यांच्या रेषेला खाज सुटली, कड लाल आणि टणक लागली. आईचा पदर परत कानावर आला. दवाखान्यात आणखी एक इंजेक्शन झालं. हळूहळू रेषा मऊ पडली, लाली गेली. शेवटी सर्जननी स्वतः पाळी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, "क्लिप काढा आता."

पदवीदानाच्या आधी आई मला तुळशीबागेत घेऊन गेली आणि तिनं दाबाच्या कुड्यांचे दोन जोड घेतले, एक तिला आणि एक मला. दुकानदार म्हणाला, "मावशी, टोचून घ्या की, खऱ्या मोत्यांच्या दाखवतो." आई म्हणाली, "भोक न्हाई पाडायचं. उगं निरोप जातो." तो माझ्याकडे बघायला लागला.

समारंभाला आईनं पदर खांद्यावर घेतला होता, केस मागे बांधले होते. मी एम.एस्सी. झाले. आईची गाठ परत आलेली नाही.