रांगेला ऐकू आलेलं पापनिवेदन

विझवलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला समुद्रकाठच्या नवापूरजवळचं आमचं लहानसं चर्च आठवतं. ऐंशी सालच्या सुमाराची, ईस्टरआधीच्या आठवड्यातली दुपार होती. पापनिवेदनाला बायकांची रांग लागली होती. काही राहून जाऊ नये म्हणून मी माझी पापं क्रमवार चिठ्ठीवर लिहून आणली होती. माझ्या पुढे शेजारची म्हातारी होती. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे जाळीआडच्या फादरांशी ती एका होडीतून दुसऱ्या होडीला हाक मारावी तशी बोलली, “फादर, भांडनात मी जावंच्या होडीला शाप दिला. तिचा पोरगा परत आलाच नाय. देव मला नरकातच टाकंल ना?” सगळ्या रांगेनं मागे वळून पाहिलं, कारण ती जाऊ माझ्या मागेच उभी होती. दोघी बारा वर्षं बोलत नव्हत्या. फादर हळू आवाजात क्षमेबद्दल सांगत होते, पण म्हातारीला ते ऐकूच जात नव्हतं, ती “काय? काय?” करत रडत होती. शेवटी जाऊ रांग मोडून पुढे गेली आणि तिच्या कानाशी ओरडली, “अगो, वादलानं बुडवली होडी! तुज्या तोंडात एवढं बल असतं तर तुजा नवरा नसता सुदारला? आपली शिक्षा येशूनं भोगलीय, फादर तेच सांगतात. ऊठ आता.” मग तिनंच हात देऊन म्हातारीला उठवलं आणि बाकावर आपल्याशेजारी बसवलं. तेव्हा रांगेतल्या आम्ही सगळ्या हसलो होतो. पुढे मला मुलगा झाला, आणि ‘वादलानं बुडवली होडी’ हे वाक्य बोलायला पोरगा गमावलेल्या त्या आईला किती बळ लागलं असेल, याचा विचार मी अजून करते.