राखणदाराची अर्धी करवंटी

आमच्या किनाऱ्यावर रापण कधी सोडायची ते दाजी ठरवायचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं लांबलचक जाळं. ते चुकीच्या वेळी पाण्यात टाकलं की सगळ्यांची कंबर फुकट मोडते. दाजी खडपावर, पाण्यात शिरलेल्या खडकावर, उभा राहून पाण्याचा रंग बघायचा. पाणी जरा काळपट दिसलं की त्याचा हात वर जाई, आणि बांगडे तिथेच सापडत. या डोळ्यांवर आमची घरं चालत होती.

दारूला तो शिवत नसे. यावरून त्याची थट्टाही भरपूर व्हायची. पण राखणदाराची गोष्ट वेगळी. हंगामाच्या सुरुवातीला किनाऱ्याच्या राखणदाराला, म्हणजे वेशीवरच्या दगडातल्या देवाला, कोंबडा आणि दारू द्यायची, सगळ्यांना सांभाळ असं गाऱ्हाणं घालायचं, आणि उरलेली दारू करवंटीतून सगळ्यांनी घ्यायची. तो प्रसाद. त्याला दारू म्हणणारा आम्हाला वेडाच वाटला असता.

गेल्या वर्षी ती आमच्या रापणीतल्या गणपतने आणली, कुणाकडून तरी स्वस्तात. बाकीच्यांना घोटभरच मिळाली, ते उलट्यांवर निभावले. दाजीने अर्धी करवंटी घेतली. उरलेली सगळी गणपतने संपवली.

दुसऱ्या दिवशी दाजीचं डोकं फुटायला लागलं, ओकाऱ्या सुरू झाल्या. "गो, माका सगळा धवाच दिसता," तो बायकोला, तुळसाला म्हणाला. डोळ्यांसमोर नुसतं पांढरं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी हेच विचारलं, "दारू घेतली होती का?"

दाजी ग्लानीत होता. तुळसा ताठ मानेने म्हणाली, "दारू? जल्मात तोंडाक लावूक नाय ह्येंनी!"

बाईंनी पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं.

भेसळीच्या दारूत असतं ते मिथेनॉल मोठं लबाड विष. पोटात गेल्या गेल्या काहीच करत नाही. यकृत सावकाश त्याचं ॲसिड बनवतं, आणि ते डोळ्यांच्या नसा जाळतं. वेळेत कळलं तर यंत्राने रक्त धुता येतं. अगदी चांगली दारू पाजली तरी यकृत आधी तिच्या मागे लागतं आणि विषाचं ॲसिड होणं लांबतं. पण आधी कळायला तर हवं.

गणपतही तशाच त्रासाने मेला तेव्हा बाईंना विषाचा संशय आला. दाजीला मोठ्या इस्पितळात नेलं. जीव वाचला, डोळे गेले.

गावात कुजबूज सुरू झाली, की गाऱ्हाण्यात काही चुकलं, राखणदार कोपला. बोलणाऱ्यांचे दात पाडावेत असं मला वाटायचं. दाजीला मात्र ते पटलं होतं. रोज चाचपडत त्या दगडापाशी जाऊन तो माफी मागायचा.

काही महिन्यांनी तपासणीचा अहवाल घेऊन हवालदार आला. गणपतच्या प्रेतातून पोटातलं पाणी काढलं होतं, सुईने डोळ्यातलंही. ते मेल्यावर लवकर नासत नाही. प्रयोगशाळेतल्या यंत्राने त्याची वाफ तपासली आणि त्यात मिथेनॉल सापडलं. हवालदार म्हणाला, "देवाला दिलेल्या दारूतच विष होतं."

कितीतरी दिवसांनी दाजीचा चेहरा फुलला. "आयकलंस गो? राखणदाराचो माझ्यार राग नव्हतो!"

तुळसा दारात होती. तिने खांब घट्ट धरला. "डाक्टरीणबायन माका इचारल्यान होता," ती पुटपुटली. "माका इचारल्यान होता."

दाजीला ते ऐकू गेलं नाही. तो हसत, हात पुढे करून, भलत्याच बाजूला तिला शोधत होता.