फायबरच्या बोटीवर लाकडाचा आवाज

मागच्या जुलैत, एका सोमवारी दुपारी, रत्नागिरीत राजिवड्याजवळ खाडीकाठी टेकूंवर उभ्या असलेल्या एका फायबर बोटीवर बाहेरून तीन ठोके पडले. दोन लागोपाठ, मग थांबून एक. केबिनमध्ये मी आणि माझा मामेभाऊ इम्तियाज असे दोघेच होतो. ठोके ऐकून आम्ही उतरलो. बाहेर कोणी नव्हतं. आणखी थोडा वेळ आत राहिलो असतो तर दोघेही वाचलो नसतो, असं नंतर डॉक्टर म्हणाले.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. अमुक वळणावर बाई दिसली, तमुक विहिरीतून हाक आली, अशी पत्रं तिथे नेहमी यायची. मी समासात एकच शब्द लिहून ती परत पाठवायचो — 'दुजोरा?' पुढे सहसा काही यायचं नाही. हा मजकूर त्याच नियमानं लिहितोय. मी पाहिलं-ऐकलं ते माझं म्हणून, दुसऱ्यानं सांगितलं ते त्याच्या नावावर.

आधी बोटीविषयी. इम्तियाज माझ्याहून मोठा. मी त्याला इम्तियाजभाय म्हणतो, तो मला शुद्धीवर असला तर सलीम आणि रंगात आला तर पेपरवाल्या. तो जहाजांवर नोकरीला होता, थंड समुद्रांतून फिरला, आणि मामू गेल्यावर परत येऊन त्यानं ही मासेमारीची बोट घेतली. मामू म्हणजे त्याचे वडील, माझे सख्खे मामा. ते आयुष्यभर लाकडी बोटी बांधत आणि दुरुस्त करत आले. फळ्यांच्या फटींत मोगरीनं, म्हणजे लाकडी हातोड्यानं, कापूस ठोकून भरायचा, वर राळ ओतायची, हे त्यांचं काम. इम्तियाजची बोट उभी होती ती जागा त्यांचीच, पण आता तिथे लाकडी बोट एकही येत नाही. शेवटची मामूंच्या डोळ्यांदेखत मोडली, तिचं जळण झालं.

पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारतात. बांबूचा सांगाडा, वर ताडपत्री, दोन्ही बाजूंनी गुडघ्यापर्यंत खाली सोडलेली. इम्तियाजच्या बोटीच्या केबिनमध्ये, जमिनीलगत, एक लांब भेग गेली होती. ती फायबरचा कपडा आणि रेझिन लावून बुजवायची होती. पण जुलैतली हवा अशी की रेझिन चिकटच राहायचं. एकदा लावलं, खरवडलं. पुन्हा लावलं, पुन्हा खरवडलं. बंदी उठायला फार दिवस नव्हते. बोट चालवणाऱ्या तांडेलानं निरोप ठेवला होता की बोट पहिल्या दिवशी पाण्यात नसेल तर तो खलाश्यांना घेऊन दुसऱ्या नाखव्याच्या बोटीवर जाईल. एकदा गेलेले खलाशी त्या हंगामात परत येत नाहीत. इम्तियाजचं वर्ष त्या भेगेवर अडलं होतं.

म्हणून त्यानं ऑनलाइन एक डिझेल हीटर मागवला. चिनी, स्वस्तातला. लाल पत्र्याची पेटी, वर डिझेलची छोटी टाकी, एक पंप, गरम हवेची जाड नळी, धूर बाहेर सोडायला पन्हळी धातूचा पाइप आणि बोटाएवढा रिमोट. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. माहितीपत्रकातलं इंग्रजी असं होतं की मी दोनदा वाचलं आणि ठेवून दिलं.

शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघं जण जाळी शिवत बसायचे. त्यातला मोठा, रफिकचाचा, पेटी बघायला मुद्दाम उठून आला.

"रत्नागिरीत हीटर? मेल्या, उद्या आंब्याला स्वेटर घालशील."

"चाचा, तिकडं बर्फात माणसं हा लावून झोपतात बोटीवर. मी झोपलोय," इम्तियाज म्हणाला.

"तिकडं झोप. इथं घाम पुसायला माणूस ठेव."

सोमवारी जेवून मी गेलो तेव्हा सगळं जोडून झालं होतं. पेटी केबिनमध्ये कोपऱ्यात, नळीचं तोंड भेगेकडे. धुराचा पाइप त्यानं खिडकीतून बाहेर काढला होता आणि फट चिंध्यांनी नीट बुजवली होती. ते काम मी स्वतः पाहिलं, त्यात हयगय नव्हती. चूक वेगळीच होती आणि ती आम्हा दोघांच्याही लक्षात आली नाही. पाइप केबिनच्या बाहेर होता, पण शाकारणीच्या आत. वर ताडपत्री, बाजूंना ताडपत्री. तिकडच्या बोटी अशा झाकलेल्या नसतात, त्यामुळे असा पाइप काढला की धूर मोकळा होतो. इथे तो वरच साठत गेला आणि केबिनच्या पुढच्या झरोक्यातून हीटरच्या पंख्यानं परत आत ओढला.

हीटर सुरू झाला. पंपाची टिकटिक, मग पंख्याची घरघर. थोड्याच वेळात नळीतून कोरडी, ऊबदार हवा यायला लागली. जूनपासून इतकी कोरडी हवा अंगाला लागली नव्हती. इम्तियाजनं दार लावून घेतलं, ऊब किती टिकते ते बघायला. आम्ही फळीवर पाठ टेकून बसलो. तो जहाजावरच्या एका स्वयंपाक्याची गोष्ट सांगत होता, मग सांगेनासा झाला. माझं डोकं जड झालं होतं. त्याचा दोष मी दुपारच्या भाताला दिला. धुराचा वास मला आला नाही... किंवा डिझेलचा वास बोटीला असतोच, म्हणून वेगळा जाणवला नाही. डोळे मिटले होते, पण झोप लागली नव्हती, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. पंपाची टिकटिक मी ऐकत होतो.

मग ते ठोके पडले.

इथे मामूंची एक पद्धत सांगायला हवी. बोट टेकूंवर उभी असताना कोणताही टेकू हलवायचा असेल तर हलवणाऱ्यानं आधी मोगरीनं बोटीला ठोकायचं, दोन लागोपाठ आणि थांबून एक. आत जो असेल त्यानं हातातलं काम टाकून उतरायचं. कोण, का, कशाला, हे आतून विचारायचं नाही. एकदा एक माणूस आतून "कोण हाय रे?" विचारत राहिला आणि बोट कलंडली. तेव्हापासून मामूंचा हुकूम होता, "आधी उतर, मग भांड." इम्तियाज लहानपणापासून त्या जागेवर वाढला. मी सुट्टीत यायचो, तेवढ्यापुरतं मलाही माहीत होतं. फायबर बोटी आल्यावर ही पद्धत आपोआप बंद पडली. टेकू हलवायचा तर आता मोबाइलवरून सांगतात.

ठोके पडले आणि मी डोळे उघडून म्हणालो, "कोण आहे?"

इम्तियाजचा चेहरा राखेसारखा होता. त्यानं माझी कॉलर धरली.

"आधी उतर."

एवढंच बोलला. दार लाथेनं उघडलं, मला डेकवर ओढलं, शिडीवरून अर्धं उतरवलं, अर्धं ढकललं. ताडपत्रीखालून वाकून आम्ही पावसात आलो आणि तिथेच तो गुडघ्यांवर बसून ओकला. मी उभा राहायचा प्रयत्न केला, पाय उचलेनात.

समोरून शबानाभाबी येत होती, इम्तियाजची बायको. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चहाचा थर्मास. तिनं थर्मास टाकला आणि रफिकचाचांना हाक मारली. चाचांनी ओल्या पंच्यानं तोंड बांधून वर जाऊन बॅटरीची वायर काढली. मग रिक्षा, शहरातला एक दवाखाना, ऑक्सिजन. डॉक्टरांनी नाव सांगितलं ते सगळ्यांना माहीत असतं, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो. माणूस झोपेला आला असं वाटतं आणि उठत नाही.

मी डॉक्टरांना ठोक्यांबद्दल विचारलं. ते समजुतीनं म्हणाले की या वायूनं भास होतात, आवाज ऐकू येतात. मला ते पटलं. खरं तर बरं वाटलं. दोघांना एकच भास कसा, हा प्रश्न होता, पण दोघं लहानपणी एकाच जागेवर वावरलेले, एकाच खुणेच्या सवयीचे... जुळवता येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी शबानाभाबीशी बोललो, इम्तियाज झोपलेला असताना. ती काय सांगेल याची मला कल्पना नव्हती आणि मी तिला काही सुचवलं नाही. फक्त विचारलं की येताना तिनं काय पाहिलं.

"काय बघणार? बोट बघितली. तुम्ही काय ठोकत होता आत?"

मी विचारलं, कसं ठोकत होतो?

तिनं ओट्यावर बोटांनी वाजवून दाखवलं. दोन. मग थांबून एक.

भाबी रस्त्याकडून येत होती, उघड्यावर होती, हीटरची हवा तिच्यापर्यंत पोचायचा प्रश्न नव्हता. ती या घरात आली ती मामूंच्या शेवटच्या दिवसांत. बोटीच्या जागेवर चहा देण्यापलीकडे ती कधी थांबली नव्हती आणि त्या ठोक्यांचा अर्थ तिला माहीत नव्हता. हे मी नंतर इम्तियाजकडून वेगळं विचारून घेतलं. त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं.

बाहेर कोणी दिसलं का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "ताडपत्री गुडघ्याएवढी वर असते ना. खालून टेकू दिसत होते. पाय कोणाचे नाय दिसले."

खाडीच्या बाजूनं कोणी येऊन गेलं असेल, अशीही शक्यता मी धरली. ओहोटी होती. रफिकचाचा वायर काढून त्या बाजूनं उतरले होते. तिथल्या चिखलात त्यांच्या स्वतःच्या पावलांखेरीज फक्त खेकड्यांची भोकं होती, असं ते म्हणाले. ठोके मात्र त्यांनी ऐकले नाहीत, त्यांच्या जोडीदारानंही नाही. त्यांच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. ही नोंद माझ्या विरुद्ध जाते, म्हणून मुद्दाम करतोय.

उष्णतेनं फायबर तडकलं असेल, एखादा टेकू बसला असेल, पाइपमध्ये धूर अडून धक्का बसला असेल. आठवड्याभरात मी हे सगळं तपासलं. टेकू जागेवर होते, पाचर हललेली नव्हती. शेवटी मी मामूंची मोगरी मागितली. ती घरात, माळ्यावर होती आणि सोमवारी दिवसभर तिथेच होती, असं भाबीनं सांगितलं. आम्ही तिघं बोटीपाशी गेलो. भाबीला मी रस्त्यावर, ती त्या दिवशी होती साधारण तिथे उभं केलं आणि बोटीवर ठोकलं. दोन, थांबून एक.

फायबरचा आवाज पोकळ येतो. पाण्याच्या प्लास्टिकच्या टाकीवर थाप मारावी तसा, ढब्ब.

भाबीनं तिथूनच मान हलवली. जवळ येऊन म्हणाली, "हा नाय. तो लाकडाचा होता. लाकडावर लाकूड."

मी म्हटलं, लांबून फरक कळतो?

"माझ्या बापाची पालीला लाकडाची वखार हाय, सलीमभाय. मी वखारीत वाढलेय. फळी सुकी का ओली ते पण ठोक्यावरून सांगीन."

मी इम्तियाजकडे पाहिलं. त्यानं मोगरी माझ्या हातातून घेतली, तिच्या दांड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मी पण लाकडाचाच ऐकला. तू?"

मी ते तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. मीही लाकडाचाच ऐकला होता.

भाबीला हीटर भंगारात द्यायचा होता, तसं तिनं एकदा स्पष्ट सांगितलं. इम्तियाज म्हणाला, दोष पेटीचा नाही, आमचा. त्यानं धुराचा पाइप वाढवून ताडपत्रीच्या पार बाहेर, वाऱ्याच्या दिशेला नेला, झरोका बंद केला आणि हीटर चालू करून केबिनला बाहेरून कडी घातली. आत कोणी जायचं नाही. दोन दिवस तो स्वतः छत्री घेऊन शिडीच्या पायथ्याशी बसून होता. रेझिन धरलं. भेग बुजली. तांडेल येऊन नखानं टोकरून बघून गेला आणि थांबला.

स्पष्टीकरण मला आजही मिळालेलं नाही. डॉक्टरांना मी भाबीचं म्हणणं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले की त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखं त्यांनी सांगितलं आहे.

बंदी उठायच्या आदल्या दिवशी सकाळी बोट पाण्यात ढकलायची होती. शाकारणी उतरवली होती, ऊन पडलं होतं. मी केबिनमध्ये बुजवलेल्या भेगेचे फोटो काढत होतो. इम्तियाज खाली खलाश्यांबरोबर टेकू काढायच्या तयारीत होता, मामूंची मोगरी त्याच्या हातात होती. त्याचा फोन त्याच्या खिशात होता, माझा माझ्या हातात. बाहेरून बोटीवर मोगरी वाजली. दोन लागोपाठ, मग थांबून एक. आवाज फायबरचा होता.

मी फोटो अर्धवट टाकून उतरलो. कोण आहे, असं विचारलं नाही.